जपानी चित्र थांबवणारा बळीराम

पनवेलमध्ये त्या काळी टीव्ही दुरुस्त करणारे पाच-सहा जण होते. त्यातले दोघे टीव्ही उघडण्याआधी त्याला गाईला थोपटावं तसे थोपटायचे आणि बहुतेक वेळा तेवढंच करून बिल द्यायचे. पण परदेशातून आलेलं गेमचं मशीन आपल्या टीव्हीवर नीट दाखवून देणारा माणूस एकच होता, माझ्या शेजारच्या गाळ्यातला बळीराम. टपाल नाक्याजवळ त्याचं दुकान, त्याला लागून माझी कॅसेट लायब्ररी, मध्ये प्लायवूडची भिंत. मी कुठला सिनेमा लावलाय ते त्याला आवाजावरून कळायचं. तो कुठल्या गिऱ्हाइकावर चिडलाय ते मला त्याच्या शांततेवरून कळायचं.

बळीराम उरणकडच्या गव्हाण गावचा. वडिलांचं मिठागर होतं, ते नव्या शहराच्या कामात गेलं, पाठोपाठ वडीलही गेले. आई तर त्याला आठवतही नव्हती. गोदूमावशीने वाढवला. दहावीनंतर पोस्टाने धडे येणारा टीव्ही-रेडिओचा कोर्स त्याने केला. सर्किटं मन लावून पाठ केली आणि मजकुराची पानं मावशीला चूल पेटवायला दिली. बोलण्याचं आणि त्याचं तेव्हापासूनच जमत नसावं.

माझे वडील वारले तेव्हा सगळं पनवेल येऊन दोन शब्द बोलून गेलं. हा आला, कोपऱ्यात दहा मिनिटं बसला, आणि जाताना आमचा बंद पडलेला टेबलफॅन काखेत मारून गेला. आईला वाटलं, वसुलीला आला होता की काय. संध्याकाळी तो फॅन चालू होऊन परत आला, जाळी घासूनपुसून. ते त्याचं सांत्वन होतं. मला कळलं, कारण मी त्याला ओळखत होतो. ओळखत नसतो तर मीही पोलिसात गेलो असतो.

नवीन पनवेलला एका तिसऱ्या मजल्यावर गुरुदत्त नावाचे गृहस्थ राहायचे. बोटीवर नोकरीला. मूळचे उरणकडचे, म्हणजे बळीरामच्याच समाजातले. फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांच्या घरातल्या 'नाय'चं 'नाही' झालं होतं, एवढाच फरक. तोही त्यांच्या बायकोला, प्रमिलावहिनींना, राग आला की मिटायचा. घरात पहिलीतली मुलगी दिपिका आणि गुरुदत्तांची धाकटी बहीण रूपा. रूपा जवळच्या बालवाडीत शिकवायची.

एका सुट्टीला गुरुदत्तांनी जपानहून मुलीसाठी गेमचं मशीन आणलं. आणलं आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसलं. जपानचा अ‍ॅडॉप्टर शंभर व्होल्टचा, आपली वीज त्याच्या दुपटीहून जास्त. धूर निघाला. वहिनींनी आधी गॅस बंद केला, मग देवाला हात जोडले, मग माझ्याकडे निरोप पाठवला, कारण त्यांच्याकडे कॅसेटी माझ्याकडून जायच्या आणि बळीराम माझ्या शेजारी बसायचा.

मी त्याला माझ्या लुनावर मागे बसवून घेऊन गेलो. बघतो तर जळला होता फक्त अ‍ॅडॉप्टर, मशीन शाबूत होतं. त्याने दुसरा बसवला. मग कळलं की जपानी मशीन ज्या चॅनेलवर बोलतं ते चॅनेल आपल्या टीव्हीत नाहीच. त्याने मशीनमधून थेट वायर काढून टीव्हीच्या पोटात जोडली. चित्र आलं आणि लगेच पळायला लागलं. खालून वर, खालून वर, जिना चढत असल्यासारखं. कारण साधं होतं. आपलं दूरदर्शन सेकंदाला पन्नास वेळा पडदा भरतं आणि जपानी मशीन साठ वेळा. त्या घाईला आपला टीव्ही पुरा पडत नाही. त्यावर इलाज म्हणजे टीव्हीचं मागचं झाकण काढायचं, आत दोन छोटे पेच असतात, एक चित्र थांबवायचा आणि एक उंचीचा, ते जपानी तालावर पिळायचे. रंग तरीही येत नाही, त्यांची रंगाची रीतच वेगळी. पण काळंपांढरं का होईना, चित्र उभं राहतं.

गोम अशी की पेच जपानी तालावर पिळले की दूरदर्शन पळायला लागतं. म्हणजे शनिवारी दुपारी दिपिका अर्ध्या दिवसाच्या शाळेतून आली की टीव्ही जपानी करायचा आणि संध्याकाळच्या मराठी सिनेमाआधी परत देशी करायचा. दोन्ही वेळा झाकण काढून. आत हात घालणं घरच्यांचं काम नव्हतं. टीव्ही बंद केला तरी आत करंट दबा धरून बसतो, हे बळीरामने वहिनींना इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्या पुढे टीव्हीच्या मागची धूळही लांबूनच झटकायच्या.

आता मेकॅनिक टीव्हीच्या मागे बसला की त्याला पुढचा पडदा दिसत नाही. म्हणून हे लोक समोर आरसा ठेवतात, टीव्हीवरून डोकं काढून आरशात चित्र बघतात आणि पेच फिरवतात. बळीरामच्या पिशवीत आरसा कायम असायचा. पहिल्या दिवशी नेमका दुकानात राहिला. तेव्हा रूपाने मोरीतला, निळ्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा आरसा खिळ्यावरून काढून आणला आणि टीव्हीसमोर छातीशी धरून उभी राहिली. हा टीव्हीच्या मागे, ती पुढे. आरशात पळणारं चित्र, आरशाच्या वर रूपाचं तोंड. चित्र थांबायला नेहमी दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी बरीच लागली.

पुढच्या शनिवारी निघताना मी बघितलं, दुकानातला आरसा भिंतीलाच.

"आरसा राहिला," मी म्हटलं.

"तिकडं हाय," तो म्हणाला आणि लुनावर बसला.

अशी शनिवारची रीत पडली. मी कॅसेटी द्यायचो आणि सोफ्यावर बसून वहिनींचा चहा प्यायचो. हा पेच फिरवायचा. मशीनमध्ये मोटरसायकलच्या शर्यतीचा गेम होता. दिपिकाला तो जमायचा नाही, ती दर वेळी चिखलात पडायची आणि मग कंटाळून खाली खेळायला जायची. मग रूपा खेळायची. ती मात्र भन्नाट चालवायची. बालवाडीत दिवसभर पोरांना "हळू, पळू नका" म्हणणारी ही बाई इथे उड्या मारत सगळ्यांना मागे टाकायची. बळीराम कधीच समोर येऊन बसला नाही. "चित्र टिकतंय का बगतो," म्हणून मागेच. खेळायला लागली की रूपा आरसा उशीला टेकवून ठेवायची. त्यामुळे त्याने ती शर्यत आयुष्यात सरळ पाहिलीच नाही. त्याच्या लेखी त्या मोटरसायकली उजवीकडून डावीकडेच पळायच्या.

एक गोष्ट मी पहिल्या महिन्यातच हेरली होती. वहिनी त्याला बळीरामभाऊ म्हणायच्या. मला रूपा अविनाशदादा म्हणायची, दूधवाल्यालाही दादा, वॉचमनलाही दादा. बळीरामला मात्र ती कशानेच हाक मारायची नाही. नुसतं "चहा घेता ना?" नाहीतर "आरसा वर करू का?" एवढंच. दादा म्हणायचं टाळण्यासाठी ती जी कसरत करायची, ती शर्यतीतल्या उड्यांपेक्षा अवघड होती.

दुसरी गोष्ट हेरायला तर डोकंही लागत नव्हतं. मी परत येताना लुनावरच त्याला विचारलं, की हे दर शनिवारचं झाकण काढणं कशाला, एक स्विच टाकून दोन्ही सोयी करता येत नाहीत का? येतात, म्हणाला. मग? तर म्हणाला, "बगू." बाकीच्या गिऱ्हाइकांचं काम हा माणूस एका बैठकीत संपवायचा. अर्धवट काम ठेवलं की त्याला जेवण जायचं नाही. आणि या एका घरचं काम वर्षभर अर्धवट ठेवून तो चांगला गुटगुटीत होत चालला होता. मी चिडवून चिडवून थकलो. म्हटलं, बळ्या, पेच कुणाचे पिळतोयस, टीव्हीचे की स्वतःचे? तर नुसता हसायचा. त्याचं हसणं म्हणजे कान हलायचे, तोंड नाही.

मग गणपतीत गोदूमावशीने विषय काढला. आता पोराने लग्न करावं. याने कुणाला नाही सांगितलं ते तिला सांगितलं. एवढं बोलल्याचं मला नंतर मावशीनेच सांगितलं, आणि बोलला म्हणजे काय, तर मोदक वळता वळता म्हणाला, "नवीन पनवेलला एक घर हाय." मावशीने नाव विचारलं, समाज विचारला आणि म्हणाली मग अडलंय कुठे, मी जाऊन मागणी घालते.

अडलं होतं ते त्याच्या डोक्यात. त्या घरात तो मेकॅनिक म्हणून जात होता. अर्धं काम पुढ्यात, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि त्याच हाताने मुलगी मागायची, हे त्याला चोरासारखं वाटत होतं. आधी काम पुरं करायचं. असं करायचं की पनवेलमध्ये कुणी केलं नाही. त्या घराशी आपला मेकॅनिकचा संबंध संपवायचा आणि मग पाहुणा म्हणून मावशीला घेऊन वर चढायचं. मला हे ऐकून त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं.

तो मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन आला. जपानी रंगाचा क्रिस्टल, एक सर्किटचं कार्ड आणि एक छान क्रोमचा स्विच घेऊन आला. दोन दिवस दुकान बंद ठेवून त्याने ते सगळं एकत्र जोडून ठेवलं. पितृपक्ष लागायच्या आदल्या शनिवारी आम्ही गेलो. त्याने टीव्हीच्या पुढच्या बाजूला भोक पाडायला घेतलं तेव्हा वहिनी देवघरात जाऊन बसल्या. रूपाने सवयीने मोरीतला आरसा आणला. तो म्हणाला, "आज नाय लागनार." तिने तो तसाच हातात ठेवला.

स्विच दाबला आणि रंग आला. निळं आभाळ, हिरवं गवत, लाल मोटरसायकल. वर्षभर आम्ही त्या चिखलाला आणि आभाळाला एकाच राखेचं समजत होतो. दिपिका ओरडली, "आत्या, आपली गाडी लाल आहे!" स्विच परत दाबला की दूरदर्शन, स्थिर, सगळ्या रंगांत. परत दाबला की जपान. वहिनी देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, तुम्ही तर जादू केलीत. आयुष्यात पहिल्यांदा बळीराम टीव्हीच्या पुढे येऊन उभा होता. गाड्या डावीकडून उजवीकडे पळताना बघून त्याला चुकल्यासारखं झालं असावं.

रूपाने स्विच दोनदा खालीवर केला. मग विचारलं, "म्हणजे आता तुम्हाला परत यायला नको?"

आणि हा छाती काढून म्हणाला, "नाय. आता मला बोलवायची पाळीच येनार नाय."

मेकॅनिकला याहून मोठी गोष्ट कुणाला देता येत नाही. याहून मोठं त्याच्यापाशी काही नव्हतंही. रूपा "बरं झालं" म्हणाली आणि आरसा मोरीत टांगायला गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला. आम्ही तोपर्यंत निघालो होतो.

पितरांच्या पंधरवड्यात सोयरिकीचं नाव काढायचं नाही, असं मावशीने बजावलं. पुढे तिचे घट बसले. घटाचा दिवा सोडून ती गावाबाहेर पाय टाकत नाही. म्हणजे आता दसऱ्यानंतरच. बळीराम तेवढे दिवस नवीन पनवेलकडे फिरकला नाही. मुद्दाम. मेकॅनिक संपवायचा होता ना त्याला. दुकानात मात्र शीळ घालायला लागला होता. प्लायवूडच्या भिंतीतून मला ती ऐकू यायची आणि मी सिनेमाचा आवाज कमी करायचो, एवढी ती बेसूर होती आणि एवढी दुर्मीळ.

मी शनिवारी कॅसेटी द्यायला जात होतोच. मशीन कपड्याखाली झाकलेलं असायचं. दिपिकाने तक्रार केली की आता गेम रंगीत झाला तर आत्या खेळतच नाही. मला वाटलं, बालवाडीत कामं असतील.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे निघालो. मी अशासाठी की मी बरं बोलतो असा बळीरामचा समज होता. 'सुरुवात तू कर,' म्हणाला होता. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशात नेहमीचा टेस्टर नव्हता, त्यामुळे तो मला अनोळखीच वाटला. मावशी नऊवारीत, हातात नारळाची पिशवी. तिसरा मजला चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबून या लोकांनी घरं एवढी उंच का बांधली ते विचारत होती.

दार वहिनींनी उघडलं. हसून म्हणाल्या, "अहो बळीरामभाऊ, टीव्हीला काही झालेलं नाही, मस्त चाललाय. पण आलात ते बरं केलंत." आणि आत वळून त्यांनी पेढ्यांचा पुडा आणला. रूपाचं ठरलं होतं. पेणचा मुलगा, तिथल्याच पतपेढीत. त्यांचं विचारणं मे महिन्यापासून होतं, पण ही बाई होही म्हणत नव्हती आणि नाहीही. आणि पितृपक्षाच्या तोंडावर एकदम म्हणाली, कळवून टाका हो म्हणून. दसऱ्याला बोलणी पक्की झाली. वहिनी आनंदाने सांगत होत्या आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत होत्या.

मी सुरुवात करायची होती. माझ्या तोंडात पेढा होता.

वहिनींनी मावशीकडे बघून विचारलं, या कोण? मावशी एका क्षणात सावरली. म्हणाली, मी ह्याची मावशी. डोळ्याच्या डागदरकडं चाललेलो, ह्यो म्हनला वाटेत आपल्या ओलखीचं घर हाय, पानी पिऊन जाऊ. बोलता बोलता तिने पिशवी पदराखाली घेतली. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

पाणी घेऊन रूपा आली. मावशीला दिलं, वाकून नमस्कार केला. मला दिलं. मग बळीरामपुढे तांब्या-भांडं धरून म्हणाली, "घ्या, बळीरामदादा."

त्याने घेतलं, आणि सगळं प्यायला. भांडं परत देताना म्हणाला, स्विच बरा हाय ना. ती म्हणाली, हो.

आम्ही जिना उतरलो. मी खाली लुना काढत होतो, ते दोघं रस्त्यापर्यंत पुढे गेले होते, तेवढ्यात रूपा एक कॅसेट घेऊन खाली आली. परत करायची राहिली होती म्हणाली. कॅसेट माझ्या हातात दिली आणि तिथेच उभी राहिली.

"मावशींच्या पिशवीत नारळ होता," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

मग ती एकेक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखी बोलली. "वर्षभर मी आरसा धरला. हात भरून यायचे. तिवईवर ठेव, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मला वाटायचं, मुद्दामच म्हणत नाहीत. मग तो स्विच लावला. म्हणाले, आता बोलवायची पाळी येणार नाही. मला वाटलं, वैतागले. सुटले एकदाचे. असं म्हणून माणूस दुसरं काय सांगतो?"

मी काहीतरी बोलायला लागलो, की अजूनही वेळ गेलेली नाही. तिने मान हलवली. पेणच्या लोकांनी हॉल घेतला होता, भावाला बोटीवर तार गेली होती, वहिनी गावभर सांगून आल्या होत्या. "आणि मघाशी दादा म्हटलं ना मी त्यांना," ती म्हणाली, "ते म्हटल्याशिवाय पाणी देताच आलं नसतं." मग ती वर गेली. धावत नाही. बालवाडीतल्या पोरांना शिकवते तशी, कठड्याला धरून.

बस स्टॉपवर मावशी बाकावर बसली होती, बळीराम खांबाला टेकून उभा होता. पांढऱ्या शर्टावर पेढ्याची भुकटी सांडली होती. मावशी मला पाहून म्हणाली, ह्याला काय तरी बोल रे, माझ्याशी बोलत नाय. मी त्याला बाजूला घेऊन रूपाचं बोलणं सांगितलं. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, माझी भर घातली नाही, आयुष्यात एकदाच.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं.

"तिवईचं मी मुद्दामच नव्हतो बोलत," तो म्हणाला.

"ते तिला कळलं होतं."

"मग स्विचचं कसं नाय कळलं?"

मी म्हटलं, बळ्या, तू तोंडाने एक शब्द तरी बोलायचास. एवढंच बोलायचास की मावशीला घेऊन येतो.

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा मीच परदेशातून आलोय. "बोललो की," तो म्हणाला. "कलर आनला ना मी."

उरणकडची बस आली. त्याने मावशीला दंडाला धरून वर चढवलं आणि तिच्या मागोमाग स्वतःही चढला. दुकान उघडायचंय हे मी त्याला आठवण करून देणार होतो, पण दिलं नाही. खिडकीतून मावशी हात हलवत होती. तो पलीकडच्या बाजूला बसला होता, मला नुसता त्याचा खांदा दिसला.